मुका मार

आपल्याकडे जखम न होता लागलेल्या माराला मुका मार म्हणतात. खोक नाही, रक्त नाही, बघणाऱ्याला काही दिसत नाही. आत मात्र ठणकत राहतं. डोक्याला बसलेल्या मुक्या माराचं एक रूप इतकं अजब आहे, की ते समजल्यापासून मी माणसाच्या स्वभावाकडे पहिल्यासारखं बघू शकलेलो नाही.

गळीत हंगामात रात्री रेणापूरच्या रस्त्यावर उभं राहावं. निवाड्याच्या रेणा कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेले, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक जात असतात. ज्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, ती अंधाराचाच एक तुकडा होते आणि मोटारसायकलवाल्याला दिसते ती अगदी शेवटच्या क्षणाला. अशा धडकेतून माणूस वाचतो. टाके निघतात, सूज उतरते, डॉक्टर घरी न्यायला सांगतात. गाव भेटून जातं, रेणुकादेवीला नारळ फुटतो. मग महिना-दोन महिन्यांनी घरातली बाई हळू आवाजात बोलू लागते, “वाचले बघा, पण पहिल्यावानी नाहीत राहिले.” मोंढ्यात आडत्याशी तासभर शांतपणे घासाघीस करणारा माणूस आता चहा निवला म्हणून कप भिंतीवर फेकतो. लेकरानं टीव्हीचा आवाज वाढवला, तर त्याचा हात उठतो. कोणी म्हणतं बाहेरचं लागलं, कोणी म्हणतं घरात बसून खायची सवय लागली, आणि कोणी बायकोलाच बोल लावतं.

या कोड्याचा मोठा भाग कवटीच्या आतल्या हाडात दडलेला आहे.

मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम, आणि तो लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो. एवढं वजन हाडावर टेकून राहिलं असतं, तर तो स्वतःच्याच भाराखाली दबला असता. म्हणून तो पाण्यासारख्या पातळ द्रवात तरंगतो. विहिरीत बुडवलेली घागर हाताला हलकी लागते, तसं त्या द्रवात त्याचं वजन जेमतेम ५० ग्रॅम भरतं. हा द्रव एका वेळी अवघा दीडशे मिलिलिटर असतो, आणि शरीर तो रोज सुमारे अर्धा लिटर नव्यानं तयार करतं. रोजच्या चालण्या-धावण्याच्या धक्क्यांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. भरधाव मोटारसायकलसाठी नाही. गाडी थांबते, कवटी थांबते, मेंदू मात्र क्षणभर पुढे जातच राहतो.

कवटी मागच्या बाजूला आतून बरीच गुळगुळीत असते. डोळ्यांच्या खोबणींवरचं हाड मात्र आतून उंचसखल, धारदार असतं. नुकतंच टाकवून आणलेल्या जात्यावरून बोट फिरवलं तर जसं लागेल, तसं. मेंदूचा पुढचा भाग नेमका त्या खरखरीत हाडावर विसावलेला असतो आणि धक्क्यानं तिथेच घासला जातो. मार मागून बसला तरी अनेकदा इजा पुढे होते, ती यामुळेच. शिवाय मेंदू गरकन फिरल्यानं आतले बारीक मज्जातंतू ताणले जातात, आणि ते सीटी स्कॅनवर बहुधा दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस मात्र बदललेला असतो.

आता हा पुढचा भाग काय करतो ते बघा. दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीवर खोल आत, बदामाएवढा एकेक पुंजका आहे: अमिग्डाला. धोका दिसला की पहिली आरोळी त्याची. मागं भांडं आदळलं की छातीत धडधडतं ते त्याच्यामुळे. पुढच्या क्षणी कपाळामागचा मेंदू सांगतो, “भांडंच पडलंय, बस खाली.” दिवसातून शंभर वेळा हा संवाद आपल्या नकळत होत असतो, आणि त्यालाच आपण शांत स्वभाव म्हणतो. अपघातात हा सांगणारा जायबंदी होतो. आरोळी उठते, तिला आवरणारं कोणी उरत नाही. बैल माजलेला नाही, कासरा तुटला आहे.

सगळेच चिडतात असंही नाही. काहींची सुरुवात करण्याची शक्तीच जाते. माणूस ओसरीवर बसून राहतो, आंघोळीला ऊठ म्हटलं तर उठतो, न म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तसाच. लोक त्याला आळशी म्हणतात, आणि हा अन्याय मला त्या रागाच्या गैरसमजाहून मोठा वाटतो. कारण हा माणूस भांडून स्वतःची बाजूही मांडत नाही. काहींना दुःख नसताना रडू फुटतं, मयतीला गेल्यावर हसू आवरत नाही. आत भावना नसते, चेहऱ्याची यंत्रणा आपोआप सुरू होते.

सगळ्यांत थक्क करणारी हकिकत व्ही. एस. रामचंद्रन या मेंदुशास्त्रज्ञानं नोंदवली आहे. ब्राझीलचा एक तरुण रस्ता-अपघातानंतर तीन आठवडे बेशुद्ध होता. बरा झाला, बोलू-चालू लागला, आणि आईवडिलांकडे बघून म्हणाला, हे माझ्या आईवडिलांसारखे दिसतात, पण हे तोतये आहेत. त्याच वडिलांचा फोन आला की मात्र तो त्यांना लगेच ओळखायचा! रामचंद्रन यांनी उलगडा मांडला तो असा: चेहरा ओळखणारा भाग शाबूत होता, पण तिथून भावनेच्या केंद्राकडे जाणारी वाट तुटली होती. आईचा चेहरा दिसला, माया उमटली नाही. मग ही आई कशी, असा अर्थ मेंदूनं लावला. कानाकडून येणारी वाट वेगळी होती आणि धड होती. आपलं माणूस आपलं वाटणं हेसुद्धा एका तंतूवर चालतं, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तुटलेला कासरा काही प्रमाणात पुन्हा वळला जातो. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पुढे वर्षानुवर्षं हळूहळू चालू राहते. तोवर बाहेरून आधार लागतो, आणि तो घरच देऊ शकतं. थकवा, अपुरी झोप, गोंगाट आणि एका वेळी अनेकांचं बोलणं, यांतून भडका उडतो. म्हणून दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं हवं, दुपारची विश्रांती चुकता कामा नये, एका वेळी एकच गोष्ट छोट्या वाक्यात सांगावी. लग्नाच्या मांडवात डीजेजवळ त्याला बसवू नका. राग चढला असताना समजावणं व्यर्थ असतं. ज्या भागानं समजून घ्यायचं तोच दुखावलेला आहे. विषय बदला, लेकरांना घेऊन बाजूला व्हा, अर्ध्या तासानं बोला. दारूचा थेंब नको. आणि मार खात राहणं ही सेवा नव्हे. घरच्यांच्या जिवाला धोका वाटला, तर शेजारपाजार आणि डॉक्टर यांना लगेच सांगायला हवं.

फिनियस गेजची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत रेल्वेच्या कामावर मीटरभर लांबीची, सहा किलोची पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली आणि सज्जन मुकादम शिवराळ झाला. सांगणारे इथेच थांबतात. पण तोच गेज पुढे चिलीत गेला आणि वर्षानुवर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत राहिला. रोज ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, ठरलेली कामं. मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांच्या मते या शिस्तीनंच तो बराचसा सावरला. मला पहारीपेक्षा ही घोडागाडी जास्त महत्त्वाची वाटते.

औषधांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. झटके येऊ नयेत म्हणून डोक्याच्या मारानंतर लेव्हेटिरॅसेटम हे औषध बऱ्याचदा देतात, आणि काहींमध्ये त्यानंच चिडचिड वाढते. ते स्वतःहून बंद करू नका, त्यानं झटके उसळू शकतात. डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. काही आठवड्यांनी डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा वाढत गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत रक्त साचत असू शकतं. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला, तर ते मनावर घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. रेणापूरच्या एका बाजूला लातूरचं आणि दुसऱ्या बाजूला अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पण तिथे गेल्यावर डॉक्टर रुग्णाला विचारतील, “कसं वाटतंय?” आणि तो म्हणेल, “एकदम बरं.” तो खोटं बोलत नसतो. स्वतःतला बदल ओळखणारा भागही त्याच मारात दुखावलेला असतो. म्हणून घरच्यांनो, पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत आत जा. महिनाभर एका वहीत लिहून ठेवा: राग कधी आला, आधी काय घडलं होतं, रात्री झोप किती झाली होती. ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.