हजारातले साडेसातशे

एका महिन्यात हजार प्रौढांपैकी किती जणांना दुखणं होतं आणि त्यातले किती मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतात? अमेरिका आणि ब्रिटनमधली आकडेवारी जुळवून केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली उत्तर दिलं. साधारण ७५० जणांना काहीतरी होतं, २५० डॉक्टरांकडे जातात, ९ दाखल होतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचतो अवघा एक. वैद्यकशास्त्रातलं बरंचसं संशोधन मात्र या एकाभोवतीच फिरत आलं.

यात बिघडतं काय? छातीत दुखतं म्हणून हृदयरोग विभागात पोहोचलेला रुग्ण आधीच चाळणीतून आलेला असतो. त्याला हृदयविकार असण्याची शक्यता मुळातच जास्त. तीच तक्रार घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये पित्त, आखडलेले स्नायू, धास्ती हीच कारणं अधिक. त्यामुळे रुग्णालयात भरवशाची ठरलेली तपासणी इथे अनेकदा नसलेला आजार दाखवते. शिवाय औषधांच्या चाचण्यांतून अनेक व्याधी असलेल्या वृद्धांना बरेचदा वगळतात. फॅमिली डॉक्टरसमोर नेमकी तीच आजी बसलेली असते: मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी एकत्र घेऊन.

तिच्यासाठीचं संशोधन दवाखान्यातच होऊ शकतं, हे फॅमिली डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी दाखवलं. वेल्समधल्या ग्लिनकॉरूग या खाणकामगारांच्या गावात त्यांनी तक्रार असो वा नसो, प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायला घेतला. जे आले नाहीत त्यांना गाठलं, नोंदी ठेवल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांच्या कामाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले: शेजारच्या गावापेक्षा अकाली मृत्यू २८ टक्क्यांनी कमी. कुठलंही नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही! जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा दुर्मीळ, हे १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडणारे डॉक्टरही हेच.

आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग हे दाम्पत्य फॅमिली डॉक्टरकीच्या चौकटीत नव्हतं, पण त्यांनीही संशोधन लोकांच्या घरात नेलं. गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ही पद्धत पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत गेली.

असं संशोधन गल्लीतल्या दवाखान्यातही व्हायला हवं. त्यासाठी डॉक्टरांना वेळ, निधी आणि नोंदी ठेवायला माणूस द्यावा लागेल. सुरुवात एका प्रश्नाने करता येईल: मधुमेहाचं निदान झालेल्यांपैकी वर्षभराने किती जण गोळ्या घेतायत आणि बाकीच्यांनी त्या का सोडल्या?