सगळेच ‘मजबूत’ नसते

पिंपळे सौदागरहून सकाळी नाशिक फाट्याकडे निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आपल्या घरांतली कितीतरी मुले असतात. कुणी भोसरीला कामावर, कुणी चाकणला मुलाखतीला. हातात डिप्लोमा असतो, काम येत असते. अडते ते इंग्रजी शब्दांवर. हार्ड, टफ, ड्युरेबल, सगळ्यांचा अर्थ त्यांच्या लेखी एकच : मजबूत. कारखान्यात मात्र यांची चाचणी वेगवेगळी असते. अहवालात भलताच शब्द पडला तर मालाबद्दल भलतेच सांगितले जाते.

काच बघा. हार्ड आहे, सहज ओरखडा उठत नाही. पण हातातून सुटली की संपली. म्हणजे टफ नाही. टायरचे रबर उलट. त्यात खिळा शिरेल, पण आपटून ते फुटत नाही. आपला ‘चिवट’ हा शब्द टफच्या जवळचा. गाडीच्या गिअरला दोन्ही गुण लागतात. म्हणून पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवून तो हार्ड करतात आणि आतला गाभा टफ ठेवतात.

ड्युरेबल आणि एंड्युरन्स ही सख्खी भावंडे, दोन्ही लॅटिनमधल्या ‘कठीण’ या अर्थाच्या शब्दापासून आलेली. पण ड्युरेबल म्हणजे टिकाऊ, जसा अम्मीचा जुना कुकर. एंड्युरन्समध्ये सोसणे आहे. धावपटूला एंड्युरन्स हवा, त्याचे बूट ड्युरेबल हवेत.

आणि सोसण्याला मर्यादा असते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस अचानक तुटत, तेव्हा जर्मनीच्या ऑगस्ट वोहलर यांनी याचे पद्धतशीर प्रयोग केले. पोलादावर एका मर्यादेखालचा ताण लाखो वेळा दिला तरी चालतो. त्यावरचा ताण एका वेळी किरकोळ वाटला, तरी पुन्हा पुन्हा पडून तडा जातो. यालाच एंड्युरन्स लिमिट म्हणतात. ॲल्युमिनियमला तर अशी स्पष्ट मर्यादाही नसते, ताण कमी असला तरी कधीतरी ते थकतेच. ‘आमची सून फार सोसणारी’ असे कौतुक घराघरांत होते; तिचे लिमिट कुणी विचारत नाही. सब्रचे भाषांतर नुसते ‘एंड्युरन्स’ केलेले म्हणूनच आम्हाला खटकते. सब्रमध्ये मुकाट सोसण्यापेक्षा ठाम उभे राहणे जास्त आहे.

राहिला रेझिलिअन्स. स्प्रिंग दबते आणि दाब निघाला की मूळ जागी येते, तो हा गुण. लॉकडाऊनमध्ये ज्याची फळांची गाडी बंद पडली आणि ज्याने उधार माल उचलून ती पुन्हा उभी केली, त्याला इंग्रजीत रेझिलिअंट म्हणतील. स्ट्राँग म्हटले तर त्याची निम्मी गोष्ट सांगायची राहून जाते.