बिल्डिंगखालचा किल्ला 🏰
सहामाही परीक्षा संपली की मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत पोरांचे हात चिखलात!

यंदा दिवाळीचा किल्ला करताना मुलांना सांगा: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी.

👉 विटा-दगड रचा, वर गोणपाट टाका, मग चिखल लिंपा.
👉 लगेच हळीव किंवा मोहरी पेरा. रोज हलकं पाणी शिंपडलं की चार-पाच दिवसांत गड हिरवागार.
👉 मावळे बुरुजांवर, महाराज सिंहासनावर.
👉 मऊ माती मांजरांना फार प्रिय! रात्री किल्ला झाका. फटाके वाजू लागले की मनीला, मोत्याला खिडक्या लावून घरातच ठेवा.

सुट्टीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा (सोमवारी बंद!). काळ्या-निळ्या पंखांचं नीलवंत दिसलं, तर ते आपलं राज्य फुलपाखरू!

तुमचा यंदाचा गड कोणता?