ऑक्सिजन सेन्सर खरेच बिघडला आहे का?

पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. सिग्नलला उभी असताना गाडी किंचित थरथरत असे. धावताना मात्र काही तक्रार नव्हती. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला तेव्हा त्यावर 'पी ०१७१' हा सांकेतिक क्रमांक उमटला. त्याचा अर्थ, इंजिनात जाणारे मिश्रण फार विरळ आहे. तिथल्या कारागिराने लगेच निदान केले, "ओटू सेन्सर गेला." साडेचार हजारांचा नवा सेन्सर बसला आणि दिवा विझला. नवव्या दिवशी तो पुन्हा लागला.

मला पैशांपेक्षा वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. हा सेन्सर ज्या झिर्कोनियाचा बनतो, त्या जातीच्या सिरॅमिक पदार्थांवर मी गेली कित्येक वर्षे संशोधन करतो. प्रयोगशाळेत एखादा मापक विचित्र आकडा दाखवू लागला, तर आम्ही आधी विचारतो की मापक चुकतो आहे की मोजली जाणारी गोष्टच बदलली आहे? गॅरेजमध्ये मी हा प्रश्न विचारलाच नाही. तो विचारला असता तर काय दिसले असते, ते या लेखात पाहू.

सेन्सर हवा कशाला?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून जास्त झाली की मिश्रण 'विरळ' होते आणि कमी पडली की 'दाट'. गॅरेजच्या भाषेत हेच लीन आणि रिच. गाडीच्या सायलेन्सरच्या मार्गात एक उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा बंदोबस्त करतात. पहिल्या दोहोंना ऑक्सिजन द्यायचा आणि तिसऱ्याकडून तो काढून घ्यायचा, अशी ही परस्परविरुद्ध कामे आहेत. दोन्ही एकाच वेळी चांगली होतात ती मिश्रण त्या नेमक्या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तेव्हाच. इतकी बारीक राखण साध्या कार्ब्युरेटरला जमत नाही. म्हणून जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे मोजायचे आणि त्यावरून संगणकाने पुढच्या क्षणी पेट्रोल कमीजास्त करायचे, अशी योजना आली. बॉश कंपनीचा असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वो गाड्यांत प्रथम बसला.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिसे उत्प्रेरक आणि सेन्सर या दोघांनाही निकामी करते. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत भारत स्टेज-४ निकष आधी लागू झाले, त्यांत पुणे आणि सोलापूर होते. २०२० च्या एप्रिलपासून स्टेज-६ आले आणि ऑक्सिजन सेन्सर स्कूटर-मोटरसायकलींपर्यंत पोचला. म्हणजे शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या शिक्षकांच्या नव्या दुचाकीतही तो बहुधा आहे. वेताळ टेकडीवरील एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत गाड्यांच्या धुराच्या ज्या चाचण्या होतात, त्यांत उत्तीर्ण होणे या छोट्या भागावर बरेचसे अवलंबून असते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे अशा इंधनाला ग्रॅममागे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास हवा पुरते. हा फरक संगणक सांभाळून घेतो तोही याच सेन्सरच्या भरवशावर.

बोटभर लांबीचा विद्युतघट

सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडची, एक बंद टोपी असते. तिच्या आतून बाहेरून प्लॅटिनमचा सच्छिद्र थर दिलेला असतो. आत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेर इंजिनातून आलेला जळका वायू.

झिर्कोनियात थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळलेले असते. झिर्कोनियमच्या आयनावर चार धनभार, यिट्रियमच्या आयनावर तीन. भारांचा हिशेब जुळावा म्हणून स्फटिकात काही ऑक्सिजन आयनांच्या जागा रिकाम्या राहतात. तापमान ३०० ते ३५० अंश सेल्सियसच्या वर गेले की ऑक्सिजन आयन या रिकाम्या जागांवरून उड्या मारत सरकू लागतात. घन पदार्थ असूनही तो विद्युत अपघटनी द्रावणासारखे वागतो. अशाच मिश्रणाची कांडी तापवून वाल्टर नर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिवा बनवला होता. घटाच्या विभवाचे जे समीकरण आपण बारावीला शिकवतो, तेही त्यांचेच, १८८९ सालचे.

ते समीकरण इथे जसेच्या तसे लागू पडते. ७०० अंश सेल्सियसला दोन बाजूंच्या ऑक्सिजनच्या दाबात दहापट फरक असेल तर सुमारे ४८ मिलिव्होल्ट विभव मिळते. विरळ मिश्रणाच्या धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असे समजू. हवेत २१ टक्के असतो. फरक एकवीसपट, म्हणून विभव ६४ मिलिव्होल्ट. दाट मिश्रणात प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजनही कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावतो आणि त्याचा दाब वातावरणाच्या १० चा उणे २० वा घात इतका खाली जातो. आता फरक १९ पेक्षा थोड्या जास्त दहापटींचा, म्हणून विभव ०.९३ व्होल्ट! नेमक्या प्रमाणाच्या अलीकडे ०.१ आणि पलीकडे ०.९, मध्ये एकदम उडी. संगणक ०.४५ व्होल्ट ही सीमा मानतो. त्याच्या वर गेले की पेट्रोल कमी करतो, खाली आले की वाढवतो. म्हणून निरोगी गाडीत हे विभव सतत वरखाली होत राहते.

(काही नव्या गाड्यांत 'वाइडबँड' जातीचे सेन्सर असतात. त्यांचे आकडे वेगळे असतात. त्यांना पुढील कसोट्या लावू नयेत.)

सेन्सरला काय कळत नाही?

हा सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो. 'मिश्रण विरळ आहे' हा संगणकाने काढलेला निष्कर्ष असतो, आणि निष्कर्ष चुकू शकतो.

एक उदाहरण घ्या. एका सिलिंडरचा स्पार्क प्लग पेटत नाही. त्यातले पेट्रोल तसेच बाहेर पडते, पण त्याच्या वाटची हवाही तशीच बाहेर पडते. सेन्सरला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि तो 'विरळ' असा संदेश देतो. संगणक आणखी पेट्रोल ओततो. सायलेन्सरला पेट्रोलचा वास, स्कॅनरवर मात्र पेट्रोल कमी पडल्याची तक्रार! ते न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन जळते आणि अति तापून उत्प्रेरक वितळू शकतो. सेन्सर बदलून गप्प बसलो तर त्याच्या कितीतरी पट किमतीचा भाग हातचा जातो.

दुसरे उदाहरण, सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या जोडाला बारीक फट पडलेली असणे. धूर धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर इमानदारीने तोच ऑक्सिजन मोजतो.

तिसरा प्रकार आमच्या गाडीतला.

मेस्त्रींचा हिशेब

दिवा पुन्हा लागल्यावर मी नाना पेठेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी क्रमांक वाचला आणि म्हणाले, "सर, सेन्सर बोंब मारतोय म्हणून त्यालाच काढायचा का? आधी बघू, कशापायी ओरडतोय."

संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे, हे स्कॅनरवर दिसते. गाडी नुसती उभी असताना तो आकडा अधिक २४ होता. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेले तेव्हा तो ६ वर आला. "हवा चोरतीय कुठंतरी," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी हे कसे ओळखले? आमच्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा मापक एअर फिल्टरजवळ आहे. त्याच्या पुढे कुठे भोक असेल तर तिथून न मोजलेली हवा शिरते. समजा, ती सेकंदाला ०.६ ग्रॅम आहे. उभ्या गाडीचे इंजिन सेकंदाला २.५ ग्रॅम मोजलेली हवा घेते, तर चूक २४ टक्क्यांची. वेग वाढवल्यावर ते १० ग्रॅम घेते, पण भोकातून जवळजवळ तेवढीच हवा येते, म्हणून चूक ६ टक्क्यांची. याउलट पेट्रोलचा पंप अशक्त झाला असता तर मागणी वाढताच तूटही वाढली असती. (मापकाऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत लक्षणे वेगळी दिसतात.)

मेस्त्रींनी चालू इंजिनाच्या रबरी नळ्यांवर एकेक करून पाण्याचा बारीक फवारा मारला. एका नळीवर पाणी पडताच इंजिनाची थरथर क्षणभर थांबली, कारण पाण्याने भेग बुजली होती. क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी ती नळी खालच्या बाजूने तडकली होती. नवी नळी काही शे रुपयांत आली. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

मग मधले आठ दिवस दिवा का विझला होता? कारण सेन्सर बदलताना संगणकाची स्मृती पुसली गेली. बहुतेक दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय संगणक दिवा लावत नाही. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे आम्ही समजलो.

काढून टाकलेला सेन्सर मी मागून घेतला होता. प्रयोगशाळेत तो पकडीत धरून गॅसच्या ज्योतीच्या आतल्या, दाट भागात तापवला आणि व्होल्टमीटर जोडला. काही सेकंदांत ०.८ व्होल्ट. ज्योत बाजूला करताच विभव झरझर शून्याकडे. तो ठणठणीत होता. (हा प्रयोग वर्गात करू नये.)

खरोखर बिघडतो तेव्हा

याचा अर्थ सेन्सर बिघडतच नाहीत असे नाही. हीटर असलेला चांगला सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज टिकतो. त्यानंतर तो सुस्तावतो. चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरल्यास किंवा कूलंट इंजिनात झिरपल्यास त्याच्या टोकावर पांढरा थर बसतो. इंजिन ऑइल जळत असेल तर त्याची राख साचते. अशा वेळी मूळ दोष न काढता नवा सेन्सर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. काळी काजळी मात्र दाट मिश्रणाची खूण आहे. ती पुष्कळदा जळून जाते.

नेहमीच्या चार तारांच्या सेन्सरची तपासणी अशी करतात. दोन तारा आतल्या हीटरच्या असतात. इंजिन थंड असताना त्यांच्यामधला रोध काही ओहम भरावा. अनंत दाखवला तर हीटर तुटला आहे. त्याआधी फ्यूज पाहावा. उरलेल्या दोन तारा संकेताच्या. त्यांचा रोध कधीही मोजू नये, कारण मीटरमधला प्रवाह घटाला इजा करू शकतो. विभव मोजायला डिजिटल मीटरच हवा. इंजिन चांगले तापवून २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवले की विभव दहा सेकंदांत अनेक वेळा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान फिरले पाहिजे. मग ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. विभव ०.८ च्या वर जावे. सोडल्यावर ते ०.२ च्या खाली यावे. दोन्ही झाले तर सेन्सर बोलतो ते खरे मानावे आणि दोष अन्यत्र शोधावा. विभव एकाच जागी अडकले असेल, किंवा रेंगाळत हलत असेल, तर सेन्सर किंवा त्याची तार दोषी.

बदलताना

बदलायचाच असेल तर आधी पाहावे की दोष पुढच्या सेन्सरचा आहे की उत्प्रेरकानंतरच्या. दुसऱ्याचे मुख्य काम उत्प्रेरकावर नजर ठेवणे हे असते आणि त्याचे विभव स्थिर असणे हेच आरोग्याचे लक्षण. इंजिन बंद करून ते कोमट होऊ द्यावे. तार आधी सोडवावी. आट्यांवर गंज काढणारे तेल सोडून थोडा वेळ थांबावे आणि खाच असलेला २२ मिलिमीटरचा पाना वापरावा. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा वंगण लावलेलेच असते. ते टोकाला लागू देऊ नये. पहिले आटे हातानेच बसवावेत. पडलेला सेन्सर वापरू नये, कारण आतले सिरॅमिक तडकलेले असू शकते. तारा कापून डाग देऊन जोडू नयेत. बऱ्याच बनावटींत आतल्या बाजूची संदर्भ-हवा तारांच्या आवरणातूनच पोचते. ती वाट बुजली तर तुलना कशाशी करायची?

वर्गात

बारावीच्या वर्गात याची छोटी प्रतिकृती करता येईल. दोन चंचुपात्रांत मोरचुदाची ०.१ आणि ०.००१ मोलर द्रावणे घ्या. दोन्हींत तांब्याच्या पट्ट्या ठेवा, क्षारसेतू जोडा आणि मिलिव्होल्टमीटर लावा. समीकरणानुसार ५९ मिलिव्होल्ट यायला हवेत. प्रत्यक्षात बरेच कमी येतील. विद्यार्थी पटकन म्हणतील, "सर, मीटर खराब आहे."

तेव्हा मीटर बदलू नका. मीटर बरोबर आहे हे कसे तपासाल, एवढेच विचारा. कोणी ताज्या सेलवर लावून पाहील, कोणी दोन्ही पात्रांत एकच द्रावण घालून आकडा शून्याजवळ येतो का ते बघेल. मीटर निर्दोष ठरल्यावर मग द्रावणातले आयन एकमेकांना कसे जखडून ठेवतात, याकडे वळता येईल. साडेचार हजार रुपये मोजून मला जे पुन्हा शिकावे लागले, ते त्यांना चिमूटभर मोरचुदात शिकता येईल.