शरीरातल्या विषाचं माप (भाग ७) : आईच्या केसांतला पारा

गेल्या भागात आपण पाहिलं, की पाण्यातले जिवाणू पाऱ्यापासून मिथाइल मर्क्युरी तयार करतात. तो बारीक माशांच्या पोटात जातो, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत वाढत जातो आणि शेवटी आपल्या ताटात येतो. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. तो गर्भवती बाईच्या शरीरात किती गेला आणि तिच्या बाळापर्यंत किती पोचला, हे मोजायचं कसं?

हा प्रश्न जगाला पहिल्यांदा नीट पडला तो जपानमधल्या मिनामाता या गावात. चिस्सो कंपनीचा कारखाना अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत होता आणि सांडपाणी खाडीत सोडत होता. १ मे १९५६ रोजी तिथे एका अज्ञात आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली, तोच पुढे मिनामाता आजार म्हणून ओळखला गेला. पुढे मासे खाणाऱ्या कुटुंबांत जन्मतःच हातपाय आखडलेली, मान न धरणारी मुलं दिसू लागली. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणत, कारण त्या मुलांनी मासे खाल्लेले नव्हते आणि वार विषाला अडवते अशी वैद्यकाची ठाम समजूत होती. कुमामोतो विद्यापीठातले तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा यांना तिथे एका घरात दोन आजारी भाऊ भेटले. थोरल्याला मिनामाता आजार आणि धाकट्याला दुसरंच काही, असं निदान झालेलं होतं. आईला ते पटत नव्हतं. दोघांचा आजार एकच आहे, धाकट्याने मासे खाल्ले नसले तरी तो पोटात असताना मी खाल्ले होते, असं तिचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये एका मृत बालकाच्या शवविच्छेदनानंतर तिचं म्हणणं शास्त्राला मान्य करावं लागलं.

वार हा पारा का अडवू शकत नाही, हे नंतर उलगडलं. मिथाइल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. बाळाच्या वाढीला अमिनो आम्लं हवीच असतात, म्हणून वार ती ओढून घेते आणि पारा त्यांच्याबरोबर आत जातो. नाळेच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा साधारण १.७ पट पारा सापडतो. आईला कसलाही त्रास नसताना बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, ती यामुळे.

पण मिनामातात मोजमाप सुरू होईपर्यंत वर्षं उलटून गेली होती. मग पुरावा कुठून आणायचा? आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत ती वाळवून लहानशा डबीत जपून ठेवतात. हारादांनी घरोघरी जाऊन या नाळा मागितल्या. त्यांतला पारा जन्मवर्षानुसार मांडला, तेव्हा कारखान्याचं उत्पादन जसं वाढलं तसा नाळेतला पाराही वाढलेला दिसला. आयांनी मायेने जपलेली वस्तू कारखान्याविरुद्धचा पुरावा ठरली. या साऱ्या विषयात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम.

केसांची गोष्ट इराकमधली. १९७१-७२ च्या हिवाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांना पेरणीसाठी बुरशीनाशक लावलेला गहू वाटला गेला. त्या बुरशीनाशकात मिथाइल मर्क्युरी होता. बऱ्याच ठिकाणी बियाणं पेरणी उरकल्यावर पोचलं आणि लोकांनी ते दळून भाकऱ्या केल्या. साडेसहा हजारांहून अधिक माणसं रुग्णालयात दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांच्या केसांतून संशोधकांनी महिन्यामहिन्याचा हिशेब काढला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या वेळच्या रक्तातला पारा त्यात बंद होतो. तिथून तो परत जात नाही. रक्तापेक्षा केसात त्याचं प्रमाण सुमारे २५० पट असतं. रक्तातला पारा दीड-दोन महिन्यांत निम्मा होतो, त्यामुळे रक्ताची तपासणी अलीकडचंच सांगते. मुळापासून नऊ सेंटिमीटर लांब केस मात्र सगळं गरोदरपण सांगतो. इराकमध्ये ज्या आयांच्या केसांत पारा जास्त, त्यांची मुलं चालायला आणि बोलायला उशिरा शिकली.

नमुना घेणं सोपं आहे. डोक्याच्या मागच्या बाजूची बारीक बट त्वचेलगत कापतात आणि मुळाकडचं टोक कोणतं ते दोऱ्याने बांधून ठरवून ठेवतात. प्रयोगशाळेत केस धुऊन त्यांतल्या पाऱ्याची वाफ करतात. ही वाफ २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. किती प्रकाश शोषला गेला, त्यावरून पारा किती ते कळतं. सुई नाही, शीतपेटी नाही. युरोपातल्या १७ देशांत सुमारे १,८०० आया आणि त्यांच्या ६ ते ११ वर्षांच्या मुलांची तपासणी याच पद्धतीने झाली. जिथे मासे जास्त खाल्ले जातात त्या स्पेन-पोर्तुगालमध्ये आकडे सर्वांत वर होते. आईचा आकडा वर तिथे मुलाचाही वर, कारण दोघांची चूल एकच.

आकडा हाती आला, पण किती म्हणजे जास्त? इथे दोन बेटसमूहांनी शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर फिलीप ग्राँजाँ आणि पाल वाइहे यांनी १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या १,०२२ बाळांच्या नाळेचं रक्त तपासलं. तिथले लोक पायलट व्हेलचं मांस खातात. ही मुलं सात वर्षांची झाल्यावर दिसलं, की नाळेच्या रक्तात जितका पारा जास्त, तितकी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी मागे. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये ७७९ मायलेकरांच्या जोड्यांचा असाच पाठपुरावा झाला. तिथल्या आयांच्या केसांत दर ग्रॅममागे सरासरी ६.८ मायक्रोग्रॅम पारा होता, म्हणजे फेरोतल्या आयांपेक्षा जास्त. तरी मुलांवर सातत्याने दिसणारा दुष्परिणाम सापडला नाही.

दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले होते. फरकाची कारणं बहुधा आहारात आहेत. व्हेलच्या चरबीत पीसीबी हे दुसरं विष असतं आणि व्हेलच्या मांसातून पारा एकदम मोठ्या मात्रेत येतो. सेशेल्समध्ये बायका जवळपास रोज समुद्रातले नेहमीचे मासे खात होत्या. त्यांतून बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ मेदाम्लंही मिळत होती. अमेरिकेने सावधगिरी म्हणून फेरोचा आधार घेतला आणि शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. केसांच्या मापात ती दर ग्रॅममागे साधारण १ मायक्रोग्रॅम येते. त्यात दहापट सुरक्षिततेची जागा धरलेली आहे. म्हणून केसांत दीड किंवा दोन आला तर घाबरायचं कारण नाही, आहार बदलायला ते पुरेसं कारण आहे.

मात्र केस सगळा पारा पकडत नाहीत. गोरं करणाऱ्या बेकायदा क्रीममधला पारा वेगळ्या जातीचा. तो मूत्रपिंडात साठतो आणि लघवीत मोजावा लागतो. विदर्भातल्या एका घरात अशा क्रीममुळे आईसह मुलींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आपण वाचलेली असेल. फुटलेल्या थर्मामीटरमधल्या पाऱ्याची वाफ श्वासावाटे आत गेली असेल किंवा पारायुक्त रसौषधी घेतली असेल, तरी पहिली तपासणी लघवीची किंवा रक्ताची. डॉक्टर ‘पाऱ्याची टेस्ट’ एवढंच लिहीत असतील, तर कशातली, हे विचारून घ्या.

आता आपल्या किनाऱ्याकडे. कोकणात अनेक घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी, म्हणजेच मोरी, करून घालतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांत मुशीच्या मांसात किलोमागे सरासरी १ मिलिग्रॅमच्या आसपास पारा आढळला, तारलीच्या जातीत ०.०१३. आपल्या बाजारातली मुशी बहुधा लहान असते आणि तिचा आकडा कमी असू शकतो. तरीही वरचं प्रमाण धरलं, तर ६० किलो वजनाच्या बाईने दीडशे ग्रॅम मुशी खाणं म्हणजे पंचवीस दिवसांची मर्यादा एका जेवणात संपवणं. तेवढ्याच तारल्यांत अर्ध्या दिवसाचीही संपत नाही. दुधातून मिथाइल मर्क्युरी वारेतून जातो त्यापेक्षा कमी जातो. म्हणजे खरी काळजी बाळंतपणाच्या आधीची.

पाऱ्याच्या भीतीने गरोदर बाईचे मासेच बंद करणं हा मात्र अन्याय आहे. त्यात बाळाचंही नुकसान आहे. तिला बांगडा, तारली, मांदेली, बोंबील पोटभर द्या. मुशी आणि मोठी सुरमई त्या वर्षभर घरातल्या इतरांनी खावी. आणि रत्नागिरीपासून काणकोणपर्यंतच्या प्रसूतिगृहांत केसांची एक बट तपासायची सोय सरकारने करावी. या तपासणीला ना मोठा खर्च आहे, ना आईला कसला त्रास.

(पुढील भागात : मुलांच्या रक्तातलं शिसं)