जुन्या मोटारी आणि कॅमेऱ्याची साक्ष

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी पहाटे लंडनच्या हाइड पार्कमध्ये जो मेळा भरतो, त्याला शर्यत म्हणणे चुकीचे ठरेल. तेथे जमलेल्या मोटारगाड्या 1905 सालापूर्वी बनलेल्या असतात आणि सूर्योदयाबरोबर त्या सुमारे साठ मैलांवरील ब्रायटनच्या वाटेला लागतात. वयाने सर्वांत वडील गाडीला पहिला मान. पहिला-दुसरा क्रमांक कोणालाच नाही. किंबहुना ताशी वीस मैलांहून अधिक सरासरी राखणे नियमाविरुद्ध आहे.

या प्रवासामागे एक विनोदी वाटणारा कायदा आहे. 1865 च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी चार आणि गावात दोन मैलांची मर्यादा घातली होती व वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली होती. 1878 मध्ये निशाणाची सक्ती गेली, माणूस मात्र राहिला! 14 नोव्हेंबर 1896 रोजी नवा कायदा अमलात आला आणि हलक्या वाहनांची या पायी चालणाऱ्या अग्रदूतापासून सुटका झाली. त्याच दिवशी हॅरी लॉसन याने मोटारवाल्यांना घेऊन लंडन ते ब्रायटन असा मुक्तीचा प्रवास घडवला. 1927 साली त्याची पुनरावृत्ती झाली, आणि युद्धकाळासारखे काही खंड वगळता ती परंपरा आजतागायत चालू आहे. आजही निघण्यापूर्वी लाल निशाण समारंभपूर्वक फाडले जाते.

त्या पहिल्या प्रवासाबद्दल एक प्रवाद आहे. विजेवर चालणारी एक गाडी म्हणे आगगाडीने ब्रायटनला नेली आणि पोहोचल्यावर तिच्यावर चिखल शिंपडला. खरेखोटे ठरवणे आता कठीण. वाटेवर कोणी कॅमेरा घेऊन उभा असता, तर हा वाद उरला नसता.

आज वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरेच कॅमेरे असतात. परंतु या गाड्यांचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नाही. पितळी दिवे इतके घासलेले असतात की छायाचित्रकाराला त्यांत प्रथम स्वतःचेच मुख दिसते. अगदी जवळून रुंद भिंगाने टिपल्यास पुढचे मडगार्ड फुगते आणि मागचा भाग आकसतो. म्हणून जाणकार मनुष्य चार पावले मागे सरतो, गुडघा टेकतो व दिव्याच्या उंचीवरून पाहतो. उन्ह वर आले की रंगाचा तजेला पांढऱ्या ठिपक्यांत हरवतो. पहाटेचा कोवळा, तिरका प्रकाश हाच अशा गाड्यांचा खरा मित्र होय.

चालत्या गाडीची गोष्ट आणखी निराळी. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपली तर ती रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते, कारण चाकाचा आरा न् आरा स्पष्ट उमटतो. तिसाव्या भागाइतका अवधी देऊन कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, तर आरे विरघळतात, झाडे मागे पळतात आणि गाडी धावू लागते. झाक लार्तिग या फ्रेंच तरुणाने 1912 च्या सुमारास शर्यतीतल्या मोटारीचे जे छायाचित्र घेतले, त्यात चाक पुढे कललेले आणि प्रेक्षक मागे झुकलेले दिसतात. कारण साधे आहे. त्याच्या कॅमेऱ्यात एक फट काचेवरून सरकत असे, त्यामुळे चित्राचा वरचा व खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी उमटला. तांत्रिक दृष्ट्या तो दोषच; पण वेग म्हणजे काय हे त्या दोषाने जितके सांगितले, तितके निर्दोष चित्रांनी क्वचितच सांगितले असेल. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लार्तिगच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि जगाला त्याची ओळख पटली.

शोभेपलीकडे छायाचित्राचा आणखी एक उपयोग आहे, व तोच अधिक मोलाचा. एखादी गाडी 1904 ची की 1906 ची, यावर तिचा ब्रायटनचा हक्क अवलंबून असतो आणि अर्थातच तिची किंमतही. सुकाणूसारखा दांडा की गोल चक्र, इंजिन आसनाखाली की बॉनेटमध्ये, साखळी कोठून कोठे जाते, हे जुन्या छायाचित्रांवरून ताडता येते. दुरुस्त करणाऱ्याने हौसेने नवा भाग बसवला, रंग बदलला, आणि पूर्वीचे चित्र कोणी घेतले नसले, तर खरी गाडी त्या चकाकीखाली कायमची लोपते. म्हणून झिजलेले चामडे आणि तडकलेला रंग तसाच राखणाऱ्या मालकाचे कौतुक आरशासारखी गाडी आणणाऱ्यापेक्षा अधिक व्हायला हवे. पण गर्दी मात्र चकाकीभोवतीच जमते.

भारतातही हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या, मोठा फेरफार न झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. मूळ स्वरूप कोणते, हे सांगायला घरच्या जुन्या आल्बमातले लग्नाचे किंवा सहलीचे एखादे छायाचित्रही साक्षीला येऊ शकते. मागे उभी असलेली मोटार तेव्हा कोणी पाहिलीही नसेल.

ब्रायटनला समुद्रकाठच्या मडेरा ड्राइव्हवर दुपारी साडेचारपर्यंत पोहोचणाऱ्याला पदक मिळते. कित्येक गाड्या वाटेतल्या चढावर थांबतात. स्वारी उतरते, कोट काढते आणि ढकलू लागते. त्या दिवसातली उत्तम छायाचित्रे बहुधा तेथेच मिळतात.