काँक्रीट लादी, खचलेली

काँक्रीट लादी, खचलेली : जमिनीवर थेट टेकलेली व घराच्या सांगाड्याशी न जोडलेली काँक्रीटची लादी खालचा आधार गेल्याने बसली म्हणजे ती खचली असे म्हणतात. जोत्याभोवतीचा पट्टा, पायवाट, अंगण व मोटार उभी करण्याची जागा येथे हा दोष विशेषेकरून आढळतो. लादीचे काँक्रीट बहुधा शाबूत असते. दोष खालच्या मातीत असतो.

पायाचा चर पुन्हा भरताना माती थराथराने न ठोकता एकदम लोटली, तर ती पुढील काही पावसाळ्यांत बसत जाते. छपराचे पाणी जोत्यालगत पडत असल्यास किंवा जमिनीतील नळ गळत असल्यास बारीक माती वाहून जाऊन लादीखाली पोकळी होते. घुशींची बिळेही याला कारण होतात. दख्खनच्या काळ्या मातीची गोष्ट निराळी आहे. तीतील माँटमोरिलोनाइट वर्गाची मृद्-खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकसतात. त्यामुळे लादी पावसाळ्यात उचलली जाते आणि उन्हाळ्यात बसते. अशा ठिकाणी उन्हाळ्यात पोकळी भरून लादी समपातळीत आणली, तर पावसाळ्यात ती पुन्हा बिघडण्याचा संभव असतो.

लादीला घरापासून दूर, मीटरला सु. २ सेंमी. उतार असावा लागतो. खचल्यामुळे तो जोत्याकडे वळला की, पाणी पायाशी मुरते, भिंतींना ओल येते व काळ्या मातीत पायालाही धोका पोहोचतो. म्हणून गळती व पाण्याचा निचरा यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. त्यावाचून केलेली दुरुस्ती टिकत नाही. खळग्यात सिमेंटचा पातळ थर ओतण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु तीमुळे पोकळी तशीच राहते, वजन मात्र वाढते.

शाबूत लादी उचलण्यासाठी तीत भोके पाडून खाली माती, रेती व सिमेंट यांचे दाट द्रव मिश्रण दाबाने भरतात. अमेरिकेत ही रीत १९३० नंतर रस्त्यांच्या कामी रूढ झाली. भोके सु. ४ ते ५ सेंमी. व्यासाची असतात. १० सेंमी. जाड लादीचे वजन दर चौ. मी.ला सु. २४० किग्रॅ. भरते; म्हणजे ती उचलण्यास दर चौ. सेंमी.ला केवळ सु. ०·०२४ किग्रॅ. दाब तत्त्वतः पुरतो. प्रत्यक्षात कडांचे घर्षण व मातीची पकड यांमुळे तो अधिक लागतो, तथापि घाई केल्यास लादी तडकते. यास्तव एकेका भोकातून थोडेथोडे मिश्रण सोडून दोरी व पाणसळ यांनी पातळी वारंवार तपासतात. मिश्रणाऐवजी फुगणारा पॉलियुरेथेन फेस वापरल्यास भोके लहान, सु. १·५ सेंमी. पुरतात व जमिनीवरील भार फारसा वाढत नाही. मात्र खर्च अधिक येतो आणि अधिक उचललेली लादी खाली आणणे कठीण जाते.

सुट्या लहान लाद्या पहारीने उचलून, खाली मुरूम ठोकून पुन्हा बसविणेच स्वस्त पडते. अनेक तुकडे झालेली लादी मात्र फोडून काढावी लागते. नवी घालताना भराव सु. १५ सेंमी.च्या थरांत, किंचित ओला करून धुमसाने ठोकतात आणि भिंत व लादी यांमधील फटीत डांबर भरतात. त्यामुळे लादी किंचित हलली, तरी भिंतीला ताण बसत नाही.